नौपाड्यातले जुने घर की खारघरचा मुलाचा फ्लॅट?

काका गेल्यापासून मावशी ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरात एकटीच राहते आणि मुलाने नवी मुंबईत खारघरला बोलावल्यापासून ‘जाऊ की राहू’ असे मला विचारत असते. हवासा सहवास आणि प्रत्यक्ष मिळणारा सहवास यांतली तफावत म्हणजे एकटेपणा, असे धरून मी दोन्ही घरे तोलून पाहिली.

दिवसा नौपाडा सरस ठरतो. १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय, मासुंदा तलावाकाठचा कट्टा आणि ‘वहिनी, आज मेथी ताजी आहे’ म्हणणारा भाजीवाला हे सारे तिच्या रोजच्या वाटेवर आहे. खारघरला मुलगा आणि सून सकाळी आठला बाहेर पडतात ते रात्रीच परततात, त्यामुळे भरल्या घरातही ती दिवसभर लिफ्टची चाहूल घेत बसेल. हा एकटेपणा मला अधिक बोचरा वाटतो.

रात्रीचे गणित उलटे आहे. नौपाड्यात ती अजूनही कुकरला दोघांचा भात लावते आणि उरलेला सकाळी फोडणीला टाकते. शिवाय अपरात्री छातीत कळ आली, तर दार उघडायला कोणी नाही.

खर्चात विशेष फरक नाही. ठाण्याहून पनवेलच्या लोकलने खारघरला थेट जाता येते.

प्रकृती डळमळीत असेल किंवा रात्रीची धास्ती वाटत असेल, त्यांनी खारघर निवडावे; हिंडतेफिरते असून ओळखीच्या माणसांवर जगणाऱ्यांना नौपाडाच मानवेल. मावशीने तूर्त तिथेच राहावे आणि शनिवार-रविवार मुलाकडे काढावेत.