कोकणातल्या घराचे खोटे बुकिंग : आमचे 27,001 रुपये कसे गेले

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन दापोलीजवळच्या मुरुडला तीन रात्री राहायला जायचे, असे आम्ही ठरवले होते. आम्ही कोथरूडला राहतो. घरात सासूबाई, सासरे, आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. या सहलीसाठी राहण्याच्या जागेचे बुकिंग मी केले आणि ते खोटे निघाले. हे सविस्तर लिहिते आहे ते एवढ्यासाठी की, मुलांना सुट्टी लागण्याच्या आधीच्या पंधरवड्यात घरात जी घाई असते, नेमकी तीच घाई असे फसवणारे लोक वापरतात, हे मला फार उशिरा कळले.

आमच्या ओळखीचे एक कुटुंब मुरुडला एका घरगुती निवासात राहून आले होते. त्या निवासाचे नाव मी इंटरनेटवर शोधले आणि सर्वांत वर जे पान आले त्यावरच्या क्रमांकावर फोन केला. पानावर अंगणाचे, नारळाच्या वाडीचे आणि झोपाळ्याचे तेच फोटो होते, जे मी त्या कुटुंबाच्या मोबाइलवर पाहिले होते, त्यामुळे शंका येण्याचे काही कारण नव्हते. फोन घेणारा माणूस अतिशय नम्र होता. माणसे किती, मुलांची वये काय, आजी-आजोबांना तळमजला हवा का, हे सगळे त्याने आपणहून विचारले. “मुलांना जेवण कमी तिखट करायला सांगतो, ताई,” असे तो म्हणाला, आणि खरे सांगायचे तर त्या एका वाक्यानेच माझा विश्वास बसला. मी ज्या गोष्टींची काळजी करत होते त्याच तो बोलत होता.

दोन खोल्या, प्रत्येकी 4,500 रुपये, तीन रात्री, असे 27,000 रुपये झाले. निम्मे आगाऊ मागितले, ते मी यूपीआयने भरले. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर निवासाचे नाव न येता कोणा वेगळ्याच व्यक्तीचे नाव आले होते. मी विचारले, तेव्हा ते व्यवस्थापकाचे खाते आहे असे उत्तर मिळाले. पाच मिनिटांनी त्याचाच फोन आला : 13,500 ही रक्कम त्यांच्या यंत्रणेत दिसत नाही, 13,501 भरा म्हणजे बुकिंग पक्के होईल आणि आधीची रक्कम लगेच परत येईल. त्या वेळी मी मुलाला शाळेतून आणत होते, एका हातात त्याचे दप्तर होते. रस्त्याच्या कडेला उभे राहून मी दुसऱ्यांदा पैसे भरले. त्यानंतर त्याने एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकला की 13,500 जमा होतील, असे सांगितले. स्कॅन केल्यावर मात्र स्क्रीनवर रक्कम पाठवत असल्याचे दिसले, म्हणून मी थांबले. तो चिडला नाही. “राहू द्या ताई, इथे आल्यावर बिलातून वजा करू,” असे म्हणून त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर छापील पावती पाठवली.

माझी खरी चूक इथे झाली, असे मी मानते. काहीतरी बरोबर नाही हे मला त्या क्षणी जाणवले होते. पण मुलांना सांगून झाले होते, सासऱ्यांनी गाडीची सर्व्हिसिंग करून आणली होती, आणि पावती हातात आहे असे मी मनाला समजावले. पुढचे आठ दिवस तयारीत गेले. मुलीला ताम्हिणी घाटात हमखास गाडी लागते, म्हणून उलटीची गोळी, कागदी पिशव्या आणि लिंबाच्या फोडी वेगळ्या ठेवल्या. तुळशीबागेतून मुलासाठी वाळूत खेळायची बादली आणि फावडे आणले. सासूबाईंनी दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या करायला घेतल्या. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी चार दिवसांच्या ऐवजी सहा दिवसांच्या घेतल्या, मच्छरांचे मलम, थर्मामीटर, प्रत्येक मुलाचे दोन जास्तीचे कपडे, हे सगळे यादी करून, खुणा करून बॅगेत भरले. ज्या घरात ही बॅग उघडायची होती, त्या घराला मात्र मी एकही दुसरा फोन केला नव्हता.

निघण्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, मुलाच्या दुधासाठी पहाटे गरम पाणी मिळेल का, हे विचारायला मी फोन केला. फोन बंद होता. रात्री आठपर्यंत पाच-सहा वेळा प्रयत्न केला. मग ज्या कुटुंबाने जागा सुचवली होती त्यांच्याकडून मालकांचा क्रमांक घेतला. तो वेगळाच होता. मालकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “वहिनी, फोटो आमच्याच घराचे आहेत, पण नंबर आमचा नाही. तुमच्या नावाचे बुकिंग आमच्या वहीत नाही, आणि सोमवारपर्यंत एकही खोली रिकामी नाही.” मुलगा तोवर बादली उशाशी घेऊन झोपला होता. मुलीला सगळे कळले, आणि ती काही न बोलता आपली बॅग उघडून कपडे परत कपाटात लावू लागली.

त्याच रात्री आम्ही 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी दोन्ही व्यवहारांचे बारा अंकी संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय आयडी विचारला. ही माहिती आधीच कागदावर लिहून ठेवली तर बोलताना गडबड होत नाही. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पावती आणि संवादाचे स्क्रीनशॉट जोडले व दुसऱ्या दिवशी शिवाजीनगरला सायबर पोलिसांकडे जाऊन आलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले की, असे पैसे काही तासांतच एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातात. पहिल्याच दिवशी कळवले असते तर ती साखळी अडवता आली असती. आमच्या रकमेपैकी 1,860 रुपये एका खात्यात अडवले गेले आहेत, तेही अद्याप हातात आलेले नाहीत. बँकेत गेलो, तर पिन मी स्वतः टाकला असल्यामुळे भरपाई मिळणार नाही, असे सांगण्यात आले. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकातले संरक्षण ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी होते, ग्राहकाने स्वतः केलेल्या व्यवहारांसाठी नव्हते.

मागाहून ती पावती मी नीट पाहिली. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि त्यातले पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27. आमच्या पावतीवर 09 होते, म्हणजे उत्तर प्रदेश. मुरुडच्या घराच्या पावतीवर तो अंक असण्याचे काहीच कारण नाही. जीएसटीच्या पोर्टलवर हा क्रमांक कोणालाही विनामूल्य तपासता येतो, मी तो तपासला, तर अशी नोंदणीच सापडली नाही. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने, जिथून मी फोन क्रमांक घेतला होता ते संकेतस्थळ पाहिले, तेव्हा त्याची नोंदणी आमच्या बुकिंगच्या अवघ्या 19 दिवस आधी झाली होती, म्हणजे सुट्टीचा हंगाम बघूनच ते उभे केले होते. इंटरनेटच्या नकाशावर एखाद्या जागेच्या नोंदीत असलेला फोन क्रमांक बदलण्याची सूचना कोणीही पाठवू शकतो, त्यामुळे तिथे दिसणारा क्रमांकही आंधळेपणाने खरा मानू नये, हेही त्यानेच सांगितले.

ज्यांच्या घरी सध्या सुट्टीची तयारी चालू आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांनाही, आजच सांगून ठेवा. स्क्रीनवर येणारे नाव आणि निवासाचे नाव जुळत नसेल तर कारण ऐकत बसू नका, व्यवहार थांबवा. महाराष्ट्राच्या पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत जागा नोंदलेली असल्याचे कोणी सांगत असेल, तर प्रमाणपत्र मागा. आणि शंका आली त्याच तासाला 1930 ला फोन करा, कारण माझे आठ दिवस संकोचात आणि आशेत गेले.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्याच मुरुडला, त्याच घरी जाऊन आलो. या वेळी मी मालकांना व्हिडिओ कॉल करायला सांगितले. त्यांनी फोन हातात घेऊन फाटकापासून विहिरीपर्यंत सगळे अंगण फिरवून दाखवले, झोपाळ्यावर त्यांची नात बसली होती. 2,000 रुपये निवासाच्या नावाच्या खात्यात भरले आणि बाकीचे तिथे पोहोचल्यावर दिले. फाटकावर त्यांनी आता आपले दोन्ही क्रमांक रंगवून घेतले आहेत, आणि खाली लिहिले आहे : याशिवाय आमचा दुसरा क्रमांक नाही.