साधा ५५५ की सीमॉस ५५५? टायमर लहरीपणा करतो तेव्हा

टायमर मध्येच रिसेट होतो, नाहीतर वेळ संपली तरी रिले (विजेवर चालणारा स्विच) सुटत नाही. मग हात आधी आयसीकडे, म्हणजे ५५५ या टायमर-चिपकडे जातो. पिनांची मांडणी सारखीच, त्यामुळे साध्या ५५५च्या जागी सीमॉस, म्हणजे त्याचाच कमी करंट खाणारा प्रकार, सहज बसतो. पण त्याआधी पिन ४, म्हणजे रिसेटची पिन, पाहा. ती कुठेच न जोडता लोंबकळत असेल तर कुठलाच आयसी धड वागणार नाही.

साधा ५५५ आउटपुट बदलताना क्षणभर सप्लायमधून जबर करंट ओढतो. व्होल्टेज दचकतं आणि शेजारचा काउंटर जादा पल्स मोजून मोकळा होतो. पिन १ आणि ८ला (ग्राउंड आणि सप्लाय) अगदी लगटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की बहुतेकदा भागतं. सीमॉसला हा झटका फारसा नाहीच, बॅटरीवर तर तोच घ्यावा. मात्र रिले ओढायची त्याची ताकद नाही. साधा २०० मिलिअँपिअरपर्यंत देतो, सीमॉसला मध्ये ट्रान्झिस्टर हवा.

वेळच संपत नसेल तर मला आयसीपेक्षा कपॅसिटरचा संशय जास्त. सप्लाय ९ व्होल्ट, रेझिस्टर १ मेगओहम आणि कपॅसिटर १०० मायक्रोफॅरड: हिशोबाने ११० सेकंद. पण वेळ संपते ती कपॅसिटर सप्लायच्या दोन-तृतीयांशाला, म्हणजे ६ व्होल्टला पोचल्यावर, आणि त्याच्या आसपास रेझिस्टरमधून जेमतेम ३ मायक्रोअँपिअर येतो. जुना इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तेवढाच करंट गळत असेल तर ती पातळी कधी गाठलीच जात नाही. इथे खरा फायदा सीमॉसचा: ही पातळी पाहणाऱ्या थ्रेशोल्ड पिनला करंट जवळपास लागतच नाही, म्हणून १० मेगओहम लावून १० मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर वापरता येतो. आकाराने मोठा, पण गळत नाही.