गावची राय राखायची कशी: अभयारण्य, सामुदायिक राखीव क्षेत्र की जुनी रीत?

गोव्याच्या ३,७०२ चौरस किलोमीटरपैकी सुमारे ७५५ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्ये आणि मोलेचे राष्ट्रीय उद्यान यांत मोडते. प्रमाण पाचव्या हिश्श्याचे असल्यामुळे गावच्या रायीला, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या देवराईला, वेगळ्या संरक्षणाची गरज काय, असा प्रश्न ग्रामसभेत हमखास निघतो.

वाघासारख्या प्राण्याला सलग, मोठे रान लागते आणि ते अभयारण्यच देऊ शकते. कायद्याचा धाकही कमी नाही: कॅसलरॉक ते कुळे लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली. मात्र १९९९ मध्ये घोषित झालेल्या म्हादई अभयारण्यातच जानेवारी २०२० मध्ये चार वाघ विषबाधेने मेले. आत राहणाऱ्यांचे हक्क लोंबकळत ठेवून केलेली राखण अशीच अपुरी पडते, असे मला वाटते.

देवराईचे बळ नेमके उलट आहे. सत्तरीतल्या निरंकाराच्या रायीत उभे राहिले की काळ्या चिखलातून गुडघे मुडपल्यासारखी वर आलेली रानजायफळाची मुळे दिसतात. बारमाही ओल्या जमिनीवरच तगणारे हे जंगल पश्चिम घाटात आता तुकड्यातुकड्यांनीच उरले आहे. ते टिकले ते कोयता न लावण्याच्या रिवाजामुळे. परंतु राय लहान असते, तिला पाणी पुरवणारा वरचा डोंगर तिच्या हद्दीत नसतो, आणि देवळाचा जीर्णोद्धार निघाला की पहिला घाव बहुधा झाडांवरच पडतो. (फरशी घातलेल्या अंगणात रानजायफळ रुजत नाही.)

या दोहोंमधली वाट म्हणजे वन्यजीव संरक्षण कायद्यातील सामुदायिक राखीव क्षेत्र. तिथे गावाने वा खाजगी मालकाने जमीन स्वेच्छेने द्यायची असते, गावाच्या जमिनीचा कारभार पाहणाऱ्या समितीत पंचायतीचे किमान पाच प्रतिनिधी असतात (खाजगी जमिनीच्या समितीत मालक, वनखाते आणि पंचायत यांचे प्रतिनिधित्व असते), आणि जमिनीचा वापर बदलायचा तर समितीच्या ठरावाबरोबर सरकारची मान्यताही लागते. म्हणजे पुढची पंचायत फिरली, तरी रायीचा वापर एकाएकी बदलता येत नाही. गैरसोय एवढीच, की अभयारण्यात आधीच गेलेल्या जमिनीला हा पर्याय मिळत नाही.

म्हणून अर्ज करण्याआधी एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्काची सरकारी नोंद) काढून जमीन कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. जमीन अभयारण्याबाहेरची आणि गावाची वा देणाऱ्या मालकाची निघाली, तर मी सामुदायिक राखीव क्षेत्रच सुचवीन, मात्र कोयता न लावण्याचा जुना रिवाज समितीच्या ठरावात शब्दशः लिहून घ्यावा आणि वरच्या झऱ्याची जमीनही त्याच अर्जात घालावी.