पांढरा झगा की आठ टोकांचा क्रॉस?

अठराव्या शतकातल्या जर्मन कॅथलिक सरदाराच्या धाकट्या मुलाला लढवय्यांच्या धर्मसंघात जायचं असेल, तर त्याच्यापुढे दोन वाटा असत: पांढऱ्या झग्याचा ट्यूटॉनिक संघ किंवा आठ टोकांच्या क्रॉसवाले माल्टा बेटाचे नाइट. वंशावळीची कसून तपासणी दोन्हीकडे, ब्रह्मचर्याची शपथही दोन्हीकडे.

ट्यूटॉनिकांचं वैभव प्रशियात होतं. 1525 मध्ये त्यांचा प्रमुख आल्ब्रेख्टच लूथरपंथी होऊन तिथला ड्यूक बनला आणि ते सगळं गेलं. पुढे मुख्यालय जर्मनीतल्या मेर्गेन्टहाइम गावी. तिथे काळा क्रॉस असलेला पांढरा झगा घालायचा आणि जहागिरीचा हिशेब बघायचा. लढायचंच असेल, तर सम्राटाची फौज होतीच.

माल्टात मात्र अंग झिजवावं लागे. जहाजावरच्या मोहिमा केल्याशिवाय मोठं पद नाही. शिवाय राजधानी व्हॅलेटाच्या इस्पितळात रुग्णसेवा. तिथे आजाऱ्याला जेवण चांदीच्या ताटात! फर्डिनांड फॉन होम्पेश हा पोरवयात तिथे गेला आणि 1797 मध्ये संघाचा पहिला जर्मन ग्रँड मास्टर, म्हणजे प्रमुख, झाला. वर्षभरातच नेपोलियन आला, बेट गेलं. होम्पेश 1805 मध्ये फ्रान्समध्ये वारला, तोही कर्जात.

मला विचाराल तर आयुष्य माल्टात जास्त होतं, झोप मेर्गेन्टहाइममध्ये. अर्थात 1809 मध्ये जर्मनीतला ट्यूटॉनिक संघ बरखास्त करून नेपोलियनने तीही मोडली.