एलिट डेंजरसची जहाजं: नागरी की लष्करी, हे पाटीवरून ठरवू नका

फ्रंटियर डेव्हलपमेंट्सचा ‘एलिट डेंजरस’ हा अंतराळात जहाज चालवायचा संगणक-खेळ डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आला. खेळातलं वर्ष आपल्यापेक्षा १२८६ वर्षं पुढे चालतं, म्हणजे तिथे तेव्हा ३३०० साल होतं. आज जहाजांच्या दुकानात चाळीसच्या वर प्रकार उभे आहेत. खेळाडू त्यांची मालवाहू, प्रवासी, शोधक, लढाऊ अशी वर्गवारी करतात आणि नवखा माणूस त्या भरवशावर पैसे घालतो. तिथेच फसतो. सगळ्यात चांगल्या मालवाहू जहाजांतलं एक साम्राज्याच्या आरमाराच्या नावावर आहे आणि लांबचा पल्ला मारणारं एक जुनं नावाजलेलं जहाज आठ तोफा घेऊन फिरतं. इथे जहाजाचा खरा वर्ग तीन गोष्टी ठरवतात: ते कुठल्या पॅडवर उतरतं, सांगाडा किती जड आहे आणि आतले खण केवढे आहेत.

आधी पॅड. स्मॉल, मीडियम आणि लार्ज असे तीनच आकार आहेत. मोठ्या स्थानकांत तिन्ही मिळतात, पण आउटपोस्ट म्हणजे छोट्या चौक्यांवर लार्ज पॅड नसतोच. चांगली मिशनं तर अनेकदा अशा चौक्यांवरचीच असतात. मीडियम पॅडवर बसणारं जहाज सगळीकडे जातं, लार्जवालं अर्ध्या गावांना बाहेरूनच हात दाखवून परत फिरतं. टाइप-७ हे याचं रडवणारं उदाहरण. किंमत १ कोटी ७४ लाख क्रेडिट (खेळातलं चलन), माल तीनशे टनांच्या आसपास, पण उंची जराशी जास्त असल्यामुळे पॅड लागतो लार्ज. पायथॉन साधारण तेवढाच माल घेऊन मीडियमवर उतरतं, मात्र त्याचे ५ कोटी ६९ लाख पडतात. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेलं टाइप-८ मीडियम पॅडवरच चारशे टनांच्या घरात नेतं. त्यानंतर टाइप-७ घ्यायला कारण उरलेलं नाही. हौस असेल तर गोष्ट वेगळी.

आता किंमत. दुकानातली पाटी म्हणजे नुसता सांगाडा आणि त्यात कोंबलेले ई-दर्जाचे भाग. प्रत्येक भागाला आकाराचा आकडा असतो आणि ए ते ई असा दर्जा. ए सगळ्यात कार्यक्षम आणि महाग, डी सगळ्यात हलका, बी दणकट पण जड. कोब्रा मार्क ३ चंच बघा. १९८४ मध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल यांनी बीबीसी मायक्रोसाठी केलेल्या मूळ ‘एलिट’मध्ये खेळाडूच्या हाती हेच जहाज यायचं. इथे त्याची पाटी ३ लाख ४९ हजारांची. त्यात बसणारं चार आकाराचं ए-दर्जाचं फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह, म्हणजे ताऱ्यांमधली उडी मारणारं यंत्र, एकटंच सोळा लाखांच्या वर जातं! घोड्यापेक्षा खोगीर महाग. म्हणून क्रम असा ठेवा: आधी ड्राइव्ह ए-दर्जाचं, मग ताऱ्यातून इंधन भरणारा फ्युएल स्कूप, मग थ्रस्टर, म्हणजे साध्या उड्डाणाची इंजिनं. लाइफ सपोर्ट आणि सेन्सर डी-दर्जाचे घाला, त्यांनी वजन घटतं आणि उडीचा पल्ला वाढतो. शील्ड म्हणजे संरक्षक कवच त्यानंतर, तोफा अगदी शेवटी. एवढं केलेलं कोब्रा साठेक टन माल नेतं, पळताना भल्याभल्यांच्या हाती लागत नाही आणि स्मॉल पॅडवरही मावतं. पहिल्या महिन्यात याच्यापलीकडे बघायची गरज नाही.

फ्युएल स्कूप सगळ्या ताऱ्यांवर चालत नाही. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम या वर्गांच्या ताऱ्यांतूनच इंधन घेता येतं. मार्ग आखताना नकाशात हे वर्ग निवडायची गाळणी आहे, ती लावा. तपकिरी बटूंच्या, म्हणजे इंधन न देणाऱ्या मंद ताऱ्यांच्या, पट्ट्यात टाकी संपली तर फ्युएल रॅट्स नावाची खेळाडूंचीच मंडळी इंधन घेऊन येतात, फुकट. पण त्यांची वाट बघताना लाइफ सपोर्टचं, म्हणजे उरलेल्या प्राणवायूचं, घड्याळ चालू असेल तर खेळातून लगेच बाहेर पडून मग निरोप द्या.

लेकॉन स्पेसवेजची टाइप मालिका म्हणजे या जगातले टेम्पो. टाइप-६ दहा लाखांत शंभरेक टन नेतं, मीडियम पॅडवर उतरतं आणि पैसे कमवायला सुरुवात करून देतं. तक्रारीला जागा नाही. टाइप-९ ची किंमत ७ कोटी ६५ लाख, माल पावणेआठशे टनांच्या पुढे आणि चाल अशी की इंग्रजी खेळाडू त्याला गाय म्हणतात. म्हैस जास्त शोभलं असतं. स्थानकाच्या फटीतून आत शिरताना साडेसात किलोमीटरच्या आत परवानगी मागा, हिरवे दिवे उजव्या हाताला ठेवा आणि वेग सेकंदाला शंभर मीटरच्या खाली. त्याच्या वर असताना कुणाला घासलात तर गुन्हा तुमच्या नावावर लागतो. डॉकिंग कॉम्प्युटर एक आकाराच्या खणात बसतो. टाइप-९ मध्ये तो न बसवणं हा निव्वळ हट्ट.

अशा जहाजाला चाच्यांनी सुपरक्रूझमधून, म्हणजे एकाच तारामंडळातल्या वेगवान प्रवासातून, ओढलं की नवखे झुंज देतात, हरतात आणि वर ड्राइव्ह गार व्हायची वाट बघत मार खातात. उलट करा. वेग शून्यावर आणून शरण जा, म्हणजे ड्राइव्ह लवकर तयार होतं. वीज वाटायच्या सहा पिपांपैकी (ठिपक्यांपैकी) चार सिस्टिमला, म्हणजे शील्डला, दोन इंजिनला. तोफा बाहेर काढू नका, त्या बाहेर असताना उडी लागत नाही. आता सुपरक्रूझ नव्हे, दुसऱ्या तारामंडळाची उडी मारा. जवळ मोठं जहाज असेल तर त्याच्या वस्तुमानामुळे सुपरक्रूझची तयारी रेंगाळते, मंडळाबाहेरच्या उडीला ती आडकाठी नाही. त्यासाठी पुढचं मंडळ आधीच निवडून ठेवलेलं हवं. निघतानाच ठेवा.

प्रवासी वर्गात सॉड क्रूगरची डॉल्फिन, ओर्का आणि बेलुगा. लक्झरी केबिन फक्त यांच्याच जहाजांत बसते, हे एकमेव सबळ कारण. बाकी बेलुगा देखणं आहे, काचा मोठ्या आहेत, वळताना मात्र लग्नाची वरात.

लष्करी वर्गात पैशाबरोबर खेळातल्या त्या-त्या सत्तेच्या आरमारातला हुद्दा लागतो. फेडरेशनच्या ड्रॉपशिपला मिडशिपमन, कॉर्व्हेटला रिअर अ‍ॅडमिरल. साम्राज्याच्या कुरिअरला मास्टर, क्लिपरला बॅरन, कटरला ड्यूक. हुद्दा मिशनांनी वाढतो, पण टक्केवारी शंभरावर पोचली की तिथेच अडकते. मग त्या आरमाराचं बढतीचं खास मिशन शोधून पूर्ण करावं लागतं. ते न कळल्यामुळे शंभरावरच मिशनं घासत बसणारे कितीतरी आहेत. हे सगळं नको असेल तर अलायन्सचं चीफटन बघा: १ कोटी ९३ लाख, हुद्द्याची अट नाही, सांगाडा भक्कम, वळण झकास, शील्ड बेताचं. अशा लढाऊ जहाजांत काही खण लष्करी म्हणून राखीव असतात. त्यांत सांगाड्याचं मजबुतीकरण, शील्ड पुन्हा भरणारे शील्ड सेल असलंच काही बसतं, माल नाही.

व्हल्चर हा माझ्या मते पैशाला सगळ्यात जागणारा लढवय्या. ४९ लाखांत दोन लार्ज हार्डपॉइंट (तोफा बसवायच्या जागा) आणि समोरच्याच्या शेपटीला चिकटून राहणारी चपळाई. दोष एकच, पॉवर प्लांट चार आकाराचा. मनासारख्या तोफा आणि शील्ड घातलं की विजेचा आकडा शंभर टक्क्यांच्या पुढे जातो आणि ऐन लढाईत दिवे जातात. उपाय उजव्या हाताच्या पॅनेलमध्ये आहे. तिथे प्रत्येक भागाला एक ते पाच अग्रक्रम देता येतो, आणि तोफा आत असताना किती वीज लागते, बाहेर असताना किती, हे वेगवेगळं दिसतं. कार्गो हॅच आणि फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह पाचावर टाका. तोफा बाहेर काढल्या की हे दोन्ही आपोआप बंद पडतात. तसंही तेव्हा त्यांचा उपयोग नसतो. नुसतं कार्गो हॅच ०.६ मेगावॉट खातं, उघडायचं नसतानाही.

मोठ्या तिघांत पाट्यांचा घोळ सगळ्यात जास्त. अ‍ॅनाकोंडा कुणालाही मिळतं, १४ कोटी ६९ लाखांत. आठ हार्डपॉइंट असूनही सांगाडा फक्त ४०० टनांचा. कॉर्व्हेटचा ९०० आणि कटरचा ११००. एवढ्या हलक्या अंगाचं स्पष्टीकरण खेळात कुठे नीट मिळत नाही, पण फायदा घ्यायला कुणाची ना नाही: डी-दर्जाचे हलके भाग आणि फेलिसिटी फारसीअर या खेळातल्या अभियंत्याकडून सुधारून घेतलेलं ड्राइव्ह घातलं की ते लांबच्या सफरीवर निघतं. कॉर्व्हेट दोन ह्यूज (सगळ्यात मोठ्या आकाराच्या) तोफांचा खराखुरा योद्धा, अंगाच्या मानाने छान वळतो, उडी मात्र तोकडी. कटर नावाने युद्धनौका, स्वभावाने शेठजी: प्रचंड शील्ड, टाइप-९ च्या तोडीचा माल आणि त्याहून कितीतरी जास्त वेग. वळवलं तरी आधीच्याच दिशेला घसरत राहतं, म्हणून स्थानकाजवळ वेग लवकर कमी करायची सवय लावा.

यांतलं काहीही घेताना विम्याचा हप्ता धरा. जहाज फुटलं की सांगाडा आणि भाग मिळून पाच टक्के भरून ते परत मिळतं. नुसत्या अ‍ॅनाकोंडाचे ७३ लाख, ए-दर्जाचे भाग घातल्यावर त्याच्या कित्येक पट. ती रक्कम खात्यात नसेल तर जहाज जातं आणि तुम्ही पुन्हा ३२ हजारांच्या साइडवाइंडरमध्ये. खात्यात निदान दोन हप्त्यांइतकी शिल्लक ठेवूनच धक्का सोडा.

हल्ली नवीन जहाजं आधी आर्क्सवर, म्हणजे खऱ्या पैशांवर, मिळतात आणि काही महिन्यांनी क्रेडिटवर. मे २०२४ च्या पायथॉन मार्क २ पासून हा पायंडा पडला. घाई न करणाऱ्याचं काही अडत नाही. एकट्याने खेळायचा सोलो मोड असला तरी इंटरनेट सतत लागतं, ऑफलाइन सोय नाही. आणि कन्सोलवर खेळणार असाल तर हा खेळ घेऊच नका. तिथलं काम मार्च २०२२ मध्ये थांबवलं गेलं, त्यामुळे वर लिहिलेली टाइप-८ आणि पायथॉन मार्क २ ही जहाजं तिथे कधी पोचलीच नाहीत.