‘कॉलेज फुटबॉल २६’: ओक्लाहोमाची नवी ‘एअर रेड’ घरच्या पडद्यावर

विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमण आखणारा प्रशिक्षक) बदलला की चाहत्यांना धीर धरवत नाही. नेमणूक होते डिसेंबरात, पहिला सामना ऑगस्टच्या अखेरीस. मधले आठ महिने नुसत्या अंदाजांवर काढायचे. त्या काळात नवी पद्धत स्वतः चालवून पाहायचं साधन म्हणजे ईए स्पोर्ट्सचा ‘कॉलेज फुटबॉल २६’. हा गेम १० जुलै २०२५ ला आला, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स/एस यांच्यासाठी. तेव्हा अमेरिकेतली किंमत ७० डॉलर होती. त्यात १३६ संघ आहेत आणि प्रत्येकाची स्वतंत्र प्लेबुक, म्हणजे प्लेंची (आखलेल्या चालींची) वही आहे. बँडचा आवाज, स्टेडियमचं रूप, गवताचा रंग यांत फार शिरायला नको, ते सगळं उत्तम आहे. आपल्या संघाचं नवं आक्रमण समजायला हा गेम किती कामाचा आणि कुठे फसवतो, एवढंच इथे तपासायचं आहे.

त्यासाठी ओक्लाहोमाइतकं चांगलं उदाहरण नाही. २०२४ हा ओक्लाहोमा विद्यापीठाचा एसईसी ह्या बलाढ्य लीगमधला पहिला हंगाम. सहा विजय, सात पराभव, आणि शेवटी आर्म्ड फोर्सेस बोलमध्ये नेव्हीकडून २१-२० अशी हार. हंगाम अर्धा झाला असतानाच कोऑर्डिनेटर सेथ लिट्रेल यांना काढलं होतं. मग वॉशिंग्टन स्टेटहून बेन आर्बकल आले आणि त्यांच्या मागोमाग तिथलाच क्वार्टरबॅक (पास फेकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू) जॉन मटीर आला. नॉर्मनमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या गावी, आशेला उधाण आलं ते ह्या जोडीमुळे. कोऑर्डिनेटर एकटा आला तर त्याची भाषा अकरा जणांना शिकवावी लागते. क्वार्टरबॅक सोबत आला की निदान एकाला ती पाठ असते, आणि तो एक सगळ्यात महत्त्वाचा असतो. २०२१ मध्ये वेस्टर्न केंटकीने असंच केलं होतं. ह्यूस्टन बॅप्टिस्टहून कोऑर्डिनेटर झॅक किटली आणि क्वार्टरबॅक बेली झॅपी एकत्र आणले, आणि झॅपीने त्या एका हंगामात ५,९६७ यार्ड आणि ६२ टचडाउन पास (गोलरेषेपलीकडे पोहोचलेले पास) फेकून एफबीएस ह्या कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीतले एका हंगामाचे दोन्ही विक्रम मोडले. त्या वेळी आर्बकल तिथल्याच प्रशिक्षक वर्गात होते, त्यामुळे चाहत्यांच्या आशेला चांगला आधार होता.

शिवाय आर्बकल चालवतात ती ‘एअर रेड’, म्हणजे पासवर भर देणारी वेगवान पद्धत, ओक्लाहोमाला परकी नाही. हाल मम्मी आणि माइक लीच यांनी ती १९८९ पासून आयोवा वेस्लियनमध्ये घडवली, पुढे वाल्डोस्टा स्टेट आणि केंटकीत नेली. १९९९ मध्ये मुख्य प्रशिक्षक बॉब स्टूप्स यांनी लीचना नॉर्मनला आणलं. लीच एकच वर्ष राहिले, पण २००० चं राष्ट्रीय अजिंक्यपद क्वार्टरबॅक जॉश ह्यूपलने त्याच मुशीतल्या आक्रमणावर मिळवून दिलं. त्या विजेत्या संघात लिट्रेलही होते, हे लक्षात असू द्या. त्याच घराण्यातला माणूस, आणि तरी २०२४ चं आक्रमण कोसळलं. का, ते गेममध्येच चांगलं कळतं. त्याकडे पुढे येऊच.

आधी सेटिंग नीट लावून घ्या, नाहीतर गेम तुमच्या मनासारखंच दाखवत राहील. फ्रेशमन ह्या सगळ्यात सोप्या पातळीवर सगळ्याच आशा खऱ्या होतात, तेव्हा ती नको. ऑल-अमेरिकन ठेवा. ‘अ‍ॅक्सिलरेटेड क्लॉक’ बंद करा. तो चालू असला की प्रत्येक प्लेनंतर घड्याळ आपोआप पुढे पळतं आणि नो-हडलचा (घोळक्यात न जमता लगेच पुढचा प्ले सुरू करण्याचा) वेग हा ह्या पद्धतीचा अर्धा प्राणच निघून जातो. मग थेट सामना न खेळता प्रॅक्टिस मोडमध्ये जा. तिथे समोरचा बचावही तुम्हालाच निवडता येतो. तीन प्ले घ्या: मेश, वाय-क्रॉस, फोर व्हर्टिकल्स. समोर तीन बचाव लावा: कव्हर २ मॅन (प्रत्येक रिसीव्हरमागे एक माणूस, खोलवर दोन राखणदार), कव्हर ३ आणि कव्हर ४ (माणसाऐवजी जागा राखणारे झोन बचाव, खोलवर तीन किंवा चार जण). नऊ जोड्या झाल्या. प्रत्येक जोडी वीस वेळा चालवा. १८० स्नॅप (प्ले सुरू करताना चेंडू क्वार्टरबॅककडे देणं) होतात, दोन संध्याकाळचं काम. खऱ्या ‘एअर रेड’चा सरावही ह्याच तत्त्वावर चालतो. प्ले थोडे, पण तेच पुन्हा पुन्हा, हात-पाय विचार न करता चालू लागेपर्यंत.

सुरुवात मेशपासून करा. दोन रिसीव्हर (पास पकडणारे) मैदानाच्या दोन बाजूंनी निघतात आणि साधारण सहा यार्डांवर एकमेकांना छेद देतात. पहिला रिसीव्हर हे अंतर ठरवतो, दुसरा त्याच्या अगदी खालून जातो. इतकं जवळून की जाता जाता हाताला हात लागावा. बचाव मॅन-टू-मॅन असेल तर पाठलाग करणारे दोघे तिथेच एकमेकांना अडखळतात आणि एक रिसीव्हर मोकळा सुटतो. बचाव झोन असेल तर मात्र धावत राहायचं नसतं, दोन लाइनबॅकरच्या (बचावाच्या मधल्या फळीतल्या खेळाडूंच्या) मधल्या फटीत थांबून क्वार्टरबॅककडे वळायचं असतं. गेममध्ये हा फरक स्वच्छ दिसतो. कव्हर २ मॅनवर चालवलेला मेश आणि कव्हर ३ वर चालवलेला मेश पाठोपाठ पाहा. दुसऱ्या वेळी धावणाऱ्या माणसाकडे फेकलेला चेंडू लाइनबॅकरच्या छातीवर जातो. नवशिक्या संघाचे पहिल्या महिन्यातले इंटरसेप्शन (बचावाने पकडलेले पास) नेमके असे होतात. क्वार्टरबॅकला वाटतं रिसीव्हर धावत राहील, रिसीव्हरला वाटतं इथे थांबायचं.

मेशवर हमखास होणारी चूक म्हणजे स्नॅप झाल्यावर कंट्रोलरची डावी काठी मागे खेचून धरणे. शॉटगनमध्ये क्वार्टरबॅक आधीच पाच यार्ड मागे उभा असतो, त्याला आणखी मागे जायचं कारणच नाही. दहा-बारा यार्ड मागे गेलात की बाहेरून धावून येणारा बचावपटू (एज रशर) लाइनच्या टोकाच्या खेळाडूला (टॅकलला) वळसा घालून थेट तुमच्यावर येतो, आणि दोष लाइनला, म्हणजे क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या फळीला, दिला जातो. जागेवर उभं राहा. आधी कोपऱ्याकडे जाणारा खोल रूट (रिसीव्हरच्या धावेची रेषा) एका नजरेत पाहा, मग मेश, मग रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू). बटण हलकं दाबलं तर चेंडू उंच जातो, दाबून धरलं तर सरळ आणि जोरात. मेशवर नेहमी दाबूनच धरा. सहा यार्डांचा पास हवेत तरंगला तर रिसीव्हर पकडतो त्याच क्षणी आपटला जातो.

गेमने सगळ्यात मोलाची गोष्ट दिली आहे ती मैदानाच्या मापात. प्रत्येक प्लेला चेंडू ज्या दोन खुणांच्या रांगांवर किंवा त्यांच्यामध्ये ठेवतात, त्या हॅशमार्कमध्ये कॉलेजच्या मैदानावर ४० फुटांचं अंतर असतं. एनएफएल ह्या व्यावसायिक लीगमध्ये ते साडेअठरा फूट आहे. म्हणजे चेंडू डाव्या हॅशवर असला तर डावीकडे ६० फूट आणि उजवीकडे तब्बल १०० फूट. नुसता टीव्ही पाहणाऱ्याच्या हे ध्यानात राहत नाही, पण वाय-क्रॉस दोन्ही हॅशवरून चालवला की पटतं. आतला रिसीव्हर जवळच्या लाइनबॅकरच्या खालून आणि मधल्या लाइनबॅकरच्या वरून तिरपा जातो आणि पलीकडे साधारण वीस यार्डांवर पोहोचतो. रुंद बाजूकडे गेला तर त्याला धावायला मोकळं रान मिळतं. अरुंद बाजूकडे गेला तर कॉर्नरबॅक आणि सेफ्टी हे मागचे बचावपटू आणि साइडलाइन यांच्यात कोंडतो. प्ले तोच, रेषा त्याच, आणि निकाल उलटा. कोऑर्डिनेटर चांगला की वाईट हे ठरवताना त्याच्या प्लेची यादी पाहून भागत नाही. तो कुठल्या हॅशवरून काय बोलावतो ते पाहावं लागतं.

आरपीओही (‘रन-पास ऑप्शन’, धाव की पास हे ऐन वेळी ठरवायचा प्ले) गेममध्ये बऱ्यापैकी शिकता येतो. क्वार्टरबॅकने एका बचावपटूवर नजर ठेवायची, तो धावेकडे झेपावला तर पास, मागे सरला तर चेंडू बॅकच्या हाती. इथे गडबड होते ती उशिराने. लाइन धावेसाठी पुढे निघालेली असते, आणि कॉलेजच्या नियमाप्रमाणे पास सुटेपर्यंत तिला तीन यार्डांपलीकडे जाता येत नाही. दोन सेकंद घुटमळलात की पंचांचा पिवळा रुमाल पडतो, म्हणजे दंड होतो. गेममध्ये तो वारंवार पडतो, आणि ते योग्यच आहे.

आता गेम फसवतो कुठे ते पाहू. पहिली फसवणूक कॅमेऱ्याची. तुम्ही मैदान पाहता ते क्वार्टरबॅकच्या मागून आणि बऱ्याच वरून. खरा क्वार्टरबॅक सव्वासहा-साडेसहा फुटी लाइनमनच्या खांद्यांमधल्या फटींतून पाहतो. वाय-क्रॉसवर मधला लाइनबॅकर मागे सरकला की नाही, हे तुम्हाला पडद्यावर आयतं दिसतं, त्याला अंदाजाने ओळखावं लागतं. म्हणून गेममध्ये एका संध्याकाळीत जमणारा प्ले मैदानावर ऑक्टोबरपर्यंत जमत नाही, आणि चाहते कोऑर्डिनेटरवर चिडतात. ह्या बाबतीत गेमवर अजिबात विसंबू नका.

दुसरी गोष्ट लाइनची, आणि २०२४ चा धडा इथेच आहे. त्या हंगामात ओक्लाहोमाचे पहिल्या फळीतले बहुतेक रिसीव्हर जायबंदी झाले आणि लाइनला पास-ब्लॉकिंग जमेना. कागदावरच्या रेषा शुद्धच होत्या, पण वीस यार्डांचा रूट पूर्ण व्हायला तीन सेकंद लागतात आणि क्वार्टरबॅकला दोन मिळत होते. गेममध्ये हे करून पाहा. दुबळी लाइन असलेला संघ घ्या, समोर एसईसीतला तगडा बचाव ठेवा आणि फोर व्हर्टिकल्स दहा वेळा बोलवा. बाहेरचे दोघे मैदानावरच्या आकड्यांच्या रेषेवर, आतले दोघे हॅशच्या जरा बाहेर, अशा चार सरळ धावा पूर्ण होण्याआधीच खेळ संपलेला असतो. मग त्याच संघाने मेश आणि स्टिक हा दुसरा आखूड पासचा प्ले चालवा. चेंडू दीड-दोन सेकंदांत सुटतो आणि आक्रमण सावरतं. नव्या पद्धतीकडून काय अपेक्षा धरावी आणि काय धरू नये, हे ह्या एका प्रयोगातून जितकं कळतं तितकं तासभर चर्चा ऐकून कळत नाही.

तिसरी गोष्ट दुखापतीची, आणि तिला गेमने चांगला न्याय दिलाय. ‘वेअर अँड टेअर’मध्ये मार कुठल्या अवयवाला बसला त्याप्रमाणे खेळाडूची त्या कामातली ताकद घटते. धावणाऱ्या क्वार्टरबॅकला प्रत्येक सामन्यात पंधरा वेळा पळवून पाहा, चौथ्या क्वार्टरमध्ये तेच पास लांब-आखूड पडू लागतात. आर्बकलची ‘एअर रेड’ जुन्या लीच-पद्धतीहून वेगळी पडते ती इथेच, तिच्यात क्वार्टरबॅकच्या पायांवर बरीच भिस्त असते. वॉशिंग्टन स्टेटमध्ये २०२४ ला मटीरने २९ टचडाउन पास फेकले होते आणि स्वतः १५ टचडाउन धावून केले होते. प्रत्यक्षात काय झालं? ओक्लाहोमाने सप्टेंबरात मिशिगनला २४-१३ हरवलं, ऑबर्नलाही २४-१७. पण ऑबर्नविरुद्ध मटीरचा फेकायचा हातच दुखावला, शस्त्रक्रिया करावी लागली. तो परतला टेक्सासविरुद्ध, तीन इंटरसेप्शन दिले आणि संघ २३-६ हरला. पुढे संघ सावरला, नियमित हंगाम १०-२ असा संपला, राष्ट्रीय अजिंक्यपदाचं प्लेऑफही गाठलं. मात्र नोव्हेंबरातले शेवटचे तीन विजय पाहा: अलाबामावर २३-२१, मिझूरीवर १७-६, एलएसयूवर १७-१३. हे आकडे बचावाच्या पराक्रमाचे आहेत. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत घरच्या मैदानावर १७-० अशी आघाडी घेऊन अलाबामाकडून ३४-२४ अशी हार झाली. डिसेंबरातल्या आशेपैकी निकालाची आशा पुरी झाली, आक्रमणाची अर्धीच.

गेममध्ये पूर्ण हंगाम सिम्युलेट करून ‘आपण किती जिंकणार’ हे काढत बसू नका. तिथे खेळाडूंच्या रेटिंगची बेरीज-वजाबाकी चालते. क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर यांच्यात एकमत व्हायला किती महिने लागतात, हे त्यात कुठेच मोजलेलं नाही. संघ वर्षानुवर्षं चालवायचा डायनस्टी मोड कोच, भरती, ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) यांसाठी झकास आहे आणि तीस हंगामांपर्यंत चालतो, पण भाकितासाठी तो नाही.

बाहेरच्या मैदानावर खेळताना ‘स्टेडियम पल्स’ मात्र चालू राहू द्या. गोंगाट वाढला की अननुभवी खेळाडूंच्या रूटच्या रेषा पडद्यावर वेड्यावाकड्या थरथरू लागतात, कॅमेरा हलतो, स्नॅपआधी बदल करणं अवघड जातं. २०२४ पासून कॉलेजमध्ये एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओला परवानगी आहे, पण प्ले-क्लॉकवर (पुढचा प्ले सुरू करायच्या मुदतीच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की तो बंद होतो. त्यानंतर सगळं क्वार्टरबॅकच्या घशावर आणि हातवाऱ्यांवर. नवी पद्धत घरी सुरळीत आणि बाहेर गोंधळलेली का दिसते, ते दोन सामन्यांत समजतं.

घ्यावा कोणी? यंदाच अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात दाखल झालेल्या आणि शनिवारी सगळं गाव लाल कपड्यांत का लोटतं हे समजून घ्यायचं असलेल्या मराठी विद्यार्थ्याने जरूर घ्यावा. चार प्रयत्नांत दहा यार्ड एवढा नियम माहीत असला तरी सुरुवात होते. ज्यांच्याकडे ‘२५’ (ह्याच गेमची आधीची आवृत्ती) आहे आणि ज्यांना फक्त प्लेच्या रेषा शिकायच्या आहेत, त्यांचं त्याच्यावर भागेल. मेश दोन्हींत तोच आहे. ‘२६’मध्ये तीनशेहून अधिक खरे कोच आले आहेत. ज्यांच्या संघाने कोच किंवा कोऑर्डिनेटर बदलला आहे, त्यांनी पैसे मोजायला तेवढं कारण पुरेसं आहे. फक्त विकत घ्यायचा तर मेच्या सुट्टीत जुना, नाहीतर जुलैत नवा घ्या. ऑगस्टचा शेवटचा शनिवार उजाडल्यावर घेऊन १८० स्नॅपना वेळ उरत नाही.