कोल्ड्रिंक की उसाचा रस? कॉलेज सुटल्यावर काय प्यावं

"सर, रस कसा काय वाईट? तो तर आमच्याच शेतातला!" बारावीच्या वर्गात एका मुलीनं मला विचारलं. तिच्या घरचा ऊस कारखान्याला जातो, त्यामुळं प्रश्न मनापासूनचा होता.

त्याआधी आम्ही प्रयोगशाळेतल्या काट्यावर साखर मोजली होती. कोल्ड्रिंकच्या १०० मिलीत साधारण ११ ग्रॅम, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत २७ ग्रॅमच्या आसपास. कागदावर पाच-साडेपाच चमच्यांचा ढीग झाला. बहुतेकांचा अंदाज दोन-तीन चमच्यांचा होता. कोल्ड्रिंक वाईट हे पोरांना ठाऊक असतं, ते किती वाईट हे ठाऊक नसतं. आणि रसाचा तर हिशेबच कुणी धरत नाही.

तो धरायला हवा. रसवंतीवरच्या तेवढ्याच ग्लासात साखर साधारण ३० ग्रॅम भरते, कधी जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलेली साखरेची मर्यादा रोजच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. त्यात फळांचे रस आणि मधही धरलेत. नैसर्गिक म्हणून सूट नाही.

म्हणून दोन्ही सारखेच का? माझ्या मते नाही. रस गाड्यापाशी उभं राहून पितात, ग्लास संपला की विषय संपला. बाटली मात्र दप्तरात जाते आणि तासातासाला घोट घोट चालू राहते. दातांना साखर आणि आम्ल दिवसभर मिळत राहतं, त्यात कोलात फॉस्फोरिक आम्ल असतंच. रसात ते नाही, कॅफीनही नाही. रसाची खरी भीती बर्फाची आणि न धुतलेल्या चरकाची. बर्फ नको म्हणा, आलं-लिंबू घाला, छोटा ग्लास घ्या.

आंब्याच्या पेयाचं पाकीट फळ समजून घेऊ नका. साखर कोल्ड्रिंकइतकीच किंवा थोडी जास्त, आणि फळ किती ते लेबलवर वाचा.

एनर्जी ड्रिंकबद्दल मी कडकच बोलतो. २५० मिलीत ७०-८० मिलिग्रॅम कॅफीन, आणि मुलांसाठी योग्य नाही हे डब्यावरच छापलेलं असतं. परीक्षेच्या आदल्या रात्री तो डबा टेबलावर दिसला की मला काळजी वाटते. उडालेली झोप दुसऱ्या दिवशी पेपरात भरून निघत नाही.

'झीरो' लिहिलेल्या कोल्ड्रिंकमध्ये साखर नाही हे खरं, पण आम्ल राहतं. वजन कमी करायला साखरेऐवजी घातलेल्या अशा गोडव्यावर विसंबू नका, असं २०२३ साली त्याच संघटनेनं सांगितलंय.

आता कोल्हापुरातल्या गंगावेशीतला दूध कट्टा. दुधातली मूळची साखर, लॅक्टोज, या मोजणीत येत नाही, पोटही भरतं. पण धारोष्ण दूध कच्चंच असतं, त्यामुळं मी तापवलेलं, बिनसाखरेचं घ्यायला सांगेन. रोजच्यासाठी त्याहून बरं ताक: मीठ, जिरं, थोडी कोथिंबीर. स्वस्त, आणि उन्हातून आल्यावर कोल्ड्रिंकपेक्षा जास्त गार वाटतं.

रोज ताक किंवा पाणी, आठवड्यातून एकदा रस, कोल्ड्रिंक लग्नकार्यापुरतं. मी असंच निवडेन. त्या मुलीला हे सांगितलं, तर ती थोडा विचार करून म्हणाली, "मग शनिवारी. आणि एका ग्लासात आम्ही दोघी बहिणी."